वंगण तेल, स्पोर्ट्स मोटारींचे

जास्त फेऱ्यांवर व पूर्ण भाराखाली बराच वेळ चालणाऱ्या मोटारींच्या एंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये वापरायचे तेल. घर्षण व झीज कमी करणे, पिस्टन व बेअरिंगांची उष्णता वाहून नेणे, काजळी तरंगत ठेवणे आणि गंज रोखणे ही कामे ते कोणत्याही मोटारीतल्या तेलाप्रमाणेच करते. फरक असतो तो तापमानाचा व दाबाचा. रोजच्या वापरात एंजिनातील तेल साधारणपणे १००° से.च्या आसपास असते, शर्यतीच्या धावपट्टीवर ते १२०° से.च्या वर सहज जाते. तेलाची निवड श्यानता, मूळ तेल, समावेशके व मोटार-उत्पादकाची मान्यता यांवरून करतात.

इतिहास : पहिल्या महायुद्धातील रोटरी विमान-एंजिनांत एरंडेल वापरीत. तापलेल्या धातूवर त्याचा थर चांगला टिकतो, म्हणून ते शर्यतीच्या मोटारींतही रूढ झाले. मात्र त्याची राळ लवकर जमते व ते खनिज तेलात नीट मिसळत नाही. एसएई या अमेरिकन संस्थेने १९११ मध्ये श्यानतेवर आधारलेले पहिले वर्गीकरण केले. मोबिल १ हे संश्लेषित तेल १९७४ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. १९९६ पासून पोर्श मोटारींत कारखान्यातच ते भरले जाऊ लागले.

श्यानता-श्रेणी : ५डब्ल्यू-४० यांसारख्या श्रेणीतील पहिला आकडा थंडीतील वर्तन व दुसरा १००° से.ची श्यानता दाखवतो. एसएई जे३०० मानकाप्रमाणे १००° से.ला ३० श्रेणीची श्यानता ९.३ ते १२.५, ४० ची १२.५ ते १६.३, ५० ची १६.३ ते २१.९ व ६० ची २१.९ ते २६.१ सेंटिस्टोक असते. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३०° व १०डब्ल्यूची उणे २५° से.ला होते. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या हवामानात पहिल्या आकड्याला फारसे महत्त्व उरत नाही.

उच्च तापमानातील श्यानता : क्रँकशाफ्ट व बेअरिंग यांमधील तेलाचा थर काही मायक्रॉनच जाड असतो आणि एंजिनाचे आयुष्य बहुतांशी त्यावर अवलंबून असते. तेथील स्थितीशी सर्वांत जवळचे मापन म्हणजे एचटीएचएस श्यानता. ती १५०° से. तापमानाला व सेकंदाला दहा लाख इतक्या कर्तन-दराने मोजतात. जे३०० मध्ये तिची किमान मर्यादा ३० श्रेणीसाठी २.९, ५डब्ल्यू-४० साठी ३.५ आणि १५डब्ल्यू-४० साठी ३.७ मिलिपास्कल-सेकंद आहे. म्हणजे डब्यावर '४०' लिहिलेली दोन तेले बेअरिंगात सारखीच वागतील असे नाही. ५० व ६० या दोन्ही श्रेणींची किमान मर्यादाही ३.७ हीच आहे. ६० श्रेणीच्या तेलांचा प्रत्यक्ष आकडा याहून बराच जास्त असतो, पण तो डब्यावर नसतो, उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावा लागतो. यूरोपीय एसीईए ए३/बी४ वर्गात किमान ३.५ सक्तीचे आहे. श्रेणीचा विस्तार पॉलिमर घालून वाढवलेला असेल, तर कर्तनाने पॉलिमरच्या साखळ्या तुटतात व तेल पातळ होते. पेट्रोल मिसळूनही ते पातळ होते. थेट इंधन-अंतःक्षेपणाच्या एंजिनांत हे प्रमाण जास्त असते.

जाड तेल नेहमीच सुरक्षित, हा समज मात्र बरोबर नाही. थंड असताना ते बेअरिंगांपर्यंत उशिरा पोहोचते, पंपावर भार वाढवते आणि स्वतःच्या घर्षणाने जास्त तापते.

बीएमडब्ल्यू एस५४ : या चर्चेतील नेहमीचे उदाहरण म्हणजे एम३ (ई४६) मोटारीतील हे ३,२४६ घ. सेंमी.चे सहा सिलिंडरी एंजिन. ते ३४३ अश्वशक्ती देते व मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत जाते. त्यासाठी १०डब्ल्यू-६० तेल सांगितलेले होते. तेल गरम होईपर्यंत जास्त फेरे टाळावेत म्हणून फेरेमापकावर दिवे असून तेल तापत जाईल तसे ते एकेक करून विझतात. सुरुवातीच्या काही एंजिनांत कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे निकामी झाली व कंपनीने ती बदलून देण्याची मोहीम राबवली. दोष बेअरिंगांचा, त्यांतील फटीचा, तेलाचा की थंड एंजिन ताणण्याचा, याविषयी मतभेद आहेत. २०१४ च्या एम३ मधील एस५५ या टर्बो एंजिनासाठी मात्र त्याच कंपनीने ३० श्रेणीचे तेल मान्य केले. म्हणून श्रेणी त्या त्या एंजिनाची पाहावी, मोटारीच्या नावावरून ठरवू नये.

मूळ तेल व समावेशके : एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या वर्गीकरणात गट ४ मध्ये पॉलिअल्फाओलेफिने व गट ५ मध्ये एस्टर येतात. गट ३ चे, म्हणजे हायड्रोजनाने अतिशुद्ध केलेले खनिज तेल 'संश्लेषित' म्हणून विकावे का, हा वाद १९९९ मध्ये अमेरिकेत जाहिरातींवरील तक्रारी तपासणाऱ्या मंडळापुढे गेला व निर्णय विक्रेत्याच्या बाजूने लागला. झीजरोधक म्हणून जस्त व फॉस्फरसचे संयुग (झेडडीडीपी) वापरतात. फॉस्फरसाने उत्प्रेरकी परिवर्तक निकामी होतो, म्हणून ३० पर्यंतच्या श्रेणींत त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. सपाट टॅपेटच्या जुन्या एंजिनांना ते अपुरे पडू शकते. टर्बो एंजिनांत कमी फेऱ्यांवर इंधन वेळेआधी पेटण्याचा दोष कॅल्शियमयुक्त प्रक्षालकांमुळे वाढतो. २०२० पासून लागू झालेल्या एपीआय एसपी वर्गात त्याची चाचणी असते.

गिअरबॉक्स : गिअर तेलाच्या श्रेणी एसएई जे३०६ या स्वतंत्र मानकाप्रमाणे असतात. ७५डब्ल्यू-९० हे तेल १००° से.ला एंजिनाच्या ४० किंवा ५० श्रेणीइतकेच श्यान असते. हायपॉइड दंतचक्रांसाठीच्या एपीआय जीएल-५ वर्गाच्या तेलात गंधक-फॉस्फरसयुक्त समावेशके जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट असतात. हाताने गिअर बदलायच्या गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर कड्यांना काही प्रमाणात घर्षण लागतेच. तेथे जीएल-५ घातल्यास गिअर नीट पडत नाही व काही रचनांत पितळ खराब होते. जीएल-५ हे जीएल-४ च्या पुढचे, म्हणून अधिक चांगले, असे समजून ते वापरू नये.

दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सला उत्पादकाने सांगितलेलेच तेल लागते. डीएसजी या फोक्सवागेनच्या दुहेरी क्लच गिअरबॉक्सच्या ओल्या क्लचच्या, सहा गतींच्या प्रकारात ते ६०,००० किमी.ला बदलतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवागेनने सात गतींच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजी असलेल्या सुमारे १६ लाख मोटारी परत बोलावून त्यांतील संश्लेषित तेलाऐवजी खनिज तेल भरले. उष्ण-दमट हवेत व वारंवार थांबाव्या लागणाऱ्या रहदारीत संश्लेषित तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड संभवतो, असे कारण देण्यात आले. चाकण येथे तयार झालेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये याच जातीचा गिअरबॉक्स होता.

डिफरन्शियल : मर्यादित सरक असलेल्या प्रकारात घर्षण-नियंत्रक घातलेले जीएल-५ तेल वापरतात, एम३ (ई४६) साठी ७५डब्ल्यू-१४० होते.

भारत : एंजिन तेलांसाठी आयएस १३६५६ हे मानक आहे. हिंदुस्तान पेट्रोलियमच्या मुंबईतील माहुल येथील कारखान्यात वंगणांची मूळ तेले तयार होतात.

विद्युत मोटारी : एंजिन तेल लागत नाही, गती कमी करणाऱ्या गिअरसाठी वेगळे तेल असते.