गोंदणाच्या सुईपासून लेझरपर्यंत



मागच्या महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या आमच्या एका गटात एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. लेकीच्या लग्नाआधी चेहऱ्याची सैल पडलेली कातडी ताठ करून घ्यायची होती. एका पार्लरनं लेझर आणि इंजेक्शनं मिळून ‘पॅकेज’ सांगितलं होतं. कुणी हसलं, कुणी रागावलं. आम्ही म्हटलं, आधी हे आलं कुठून ते बघू.

बाईच्या कातडीला सुई नवी नाही. नांदेड-लातूरकडच्या आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असायचं. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या म्हणायच्या.

लेझर पहिल्यांदा अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये तयार केला. पुढे त्याची उष्णता कातडीच्या आतल्या थरापर्यंत पोचवता आली. तिथले कोलॅजनचे धागे आक्रसतात आणि काही महिन्यांत नवे तयार होतात. त्यानं कातडी थोडी आवळते.

बोटुलिनम हे मुळात जिवाणूचं विष. अगदी थोडं टोचलं की स्नायू सैल पडतो. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणासारख्या डोळ्यांच्या त्रासावर. कॅनडातल्या डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स यांना दिसलं की या इंजेक्शनानं भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्यांचे पती त्वचेचे डॉक्टर. दोघांनी १९९२ मध्ये ते लिहून प्रसिद्ध केलं. आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता आली २००२ मध्ये. दुसरं इंजेक्शन फिलरचं, ते खोलगट जागा भरतं. तिन्ही मिळून झालं ‘पॅकेज’.

पण गोंदण जन्मभर टिकायचं. बोटुलिनमचा असर साधारण तीन-चार महिन्यांत उतरतो, पुन्हा पैसे. सावळ्या कातडीवर लेझर चुकला तर भाजतं, काळे डाग पडतात. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टीसुद्धा जाऊ शकते. म्हणून हे काम डॉक्टरांचं, पार्लरचं नाही.

आम्ही कर्ज नाकारलं नाही. तीन प्रश्न लिहून दिले. सुई कोण टोचणार? असर किती दिवस? बिघडलं तर जबाबदारी कुणाची? तिसऱ्या प्रश्नावर पार्लरवाली गप्प झाली. ताईंनी अर्ज मागे घेतला.

तुम्हालाही करावंसं वाटलं तर लाजू नका. नांदेडला आणि लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या त्वचेच्या डॉक्टरांना आधी विचारा, मगच पैसे काढा.