श्वानाहार, कच्च्या मांस-मासळीचा (नांदेड व लातूर)

श्वानाहार, कच्च्या मांस-मासळीचा : पाळीव कुत्र्याला न शिजवलेले मांस, हाडे, काळीज-फुप्फुसासारखे अवयव आणि मासे हेच मुख्य अन्न म्हणून देण्याची पद्धत. नांदेड व लातूर जिल्ह्यांत ती दोन प्रकारांनी आढळते. खाटकाकडचे उरलेसुरले मांस कुत्र्यापुढे टाकणे हा जुना प्रकार. घरातला कुत्रा भाकरी, भात किंवा पाकिटातले कोरडे खाद्य हुंगून मागे सरू लागला, की ‘चिकन दिले तर खातो’ म्हणून कच्च्या मांसाकडे वळणे हा अलीकडचा. कुत्र्याला मांस आवडते यात शंका नाही. पण नुसत्या मांसाने त्याचे पोषण पुरे होत नाही, आणि या भागातली उष्णता व जनावरांतले रोग पाहता ते कच्चे देणे धोक्याचे आहे.

प्रदेशातील कुत्री व रूढ आहार : चाकूर तालुक्यातील (जि. लातूर) जानवळ हे गाव कारवान व पश्मी या शिकारी कुत्र्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. दोन्ही कुत्री उंच, सडपातळ, लांब पायांची व नजरेने सावज हेरणारी. कारवानाचे केस आखूड असतात; पश्मीच्या कानांवर, पायांवर व शेपटीवर लांब केसांची झालर असते. लोहा तालुक्यातील (जि. नांदेड) माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. दूध किंवा ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, कण्या आणि अधूनमधून अंडे हा गावाकडच्या कुत्र्यांचा नेहमीचा आहार. पूर्वी त्यात शिकारीतल्या सशाची भर पडे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी शिकार गुन्हा ठरली.

भाकरी कुत्र्याला पचत नाही, हा समज खरा नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या सहवासात कुत्रा धान्य पचवायला शिकला आहे. मात्र नुसत्या भाकरीत पुरेशी प्रथिने व स्निग्ध पदार्थ नसतात. तिला मांस, अंडी किंवा दह्याची जोड लागते.

पद्धतीचा उगम : ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ सालच्या पुस्तकामुळे कच्च्या आहाराला चळवळीचे रूप आले. तिच्यात रूढ असलेले प्रमाण म्हणजे ८० टक्के मांस, १० टक्के हाडे व १० टक्के अवयव; आणि रोजचे अन्न कुत्र्याच्या वजनाच्या २ ते ३ टक्के, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला ४०० ते ६०० ग्रॅम. अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेने २०१२ साली कच्चे प्राणिज अन्न देऊ नये अशी भूमिका घेतली.

पोषणातील उणीव : १०० ग्रॅम मांसात फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम असते. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसाइतके किंवा त्याहून थोडे अधिक लागते. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिलाचे शरीर ही तूट स्वतःच्या हाडांतून भरून काढते. हाडे पोकळ होतात, पाय वाकतात, साध्या उडीनेही हाड मोडते. पोटभर मांस खाणारे पिलू लंगडू लागले की पालक चक्रावतात. कारण हेच असू शकते. प्रौढ कुत्र्यासाठी अंड्याच्या टरफलाची बारीक पूड हा स्वस्त उपाय आहे. २० किलोच्या कुत्र्याला रोज सुमारे अर्धा चहाचा चमचा पूड पुरते. पिलांचे प्रमाण पशुवैद्याला विचारून ठरवावे.

मासळी : या जिल्ह्यांत गोदावरी, मांजरा व तलावांतले रोहू, कटला, मृगळ व मरळ मिळतात. यांपैकी पहिले तीन कार्प कुळातील आहेत. या कुळातल्या अनेक माशांच्या कच्च्या मांसात थायामिनेज हे विकर असते आणि ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. असा मासा आठवडेच्या आठवडे कच्चा दिला तर कुत्र्याची भूक मंदावते, ओकाऱ्या होतात, चाल डगमगते आणि पुढे झटके येतात. भूक मंदावणे हे पहिलेच लक्षण असल्याने, न खाण्याची खोड मोडावी म्हणून दिलेला मासाच नव्या नकाराचे कारण ठरतो. मासा शिजवला की हे विकर निकामी होते. काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय उकडलेला मासा आठवड्यातून एक-दोनदा देणे चांगले. बाजारातली सुकट व सुके बोंबील खारवलेले असतील तर कुत्र्याला देऊ नयेत.

रोगांचा धोका : सर्वांत गंभीर धोका हायडॅटिड रोगाचा आहे. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात, शेळ्या-मेंढ्या व गुरांच्या पोटात जातात आणि त्यांच्या काळजात व फुप्फुसांत पाण्याने भरलेली गळवे होतात. तेच काळीज कच्चे खाऊन कुत्रा पुन्हा बाधित होतो. कुत्र्यात सहसा कोणतेही लक्षण दिसत नाही; पण त्याच्या अंगाला लागलेली अंडी माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या पोटात गेली, तर तशीच गळवे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वाढतात. कत्तलीनंतर टाकून दिलेले फुप्फुस व काळीज कुत्र्यांना खाऊ घालणे ही या साखळीतली मुख्य कडी आहे. ती तोडणे कोणत्याही घराच्या हातात आहे : हे अवयव अर्धा तास उकळल्याशिवाय देऊ नयेत आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने पट्टकृमीवरचे औषध नियमित द्यावे.

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू सर्रास असतात. कुत्रा स्वतः आजारी न पडताही त्यांचा प्रसार करतो. गोठवल्याने ते मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या या भागात उघड्यावर लटकलेले मांस लवकर बिघडते, आणि वीज गेल्याने विरघळून पुन्हा गोठलेले मांस तर घेऊच नये. कच्चे मांस हाताळल्यावर भांडी, ओटा व हात साबणाने धुवावे लागतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात टंचाईच्या दिवसांत पाण्याचा हा वापरही परवडत नाही, याचा विचार व्हायला हवा. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर (जि. लातूर) येथे मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला होता. २००४ साली थायलंडमध्ये बाधित बदक खाल्लेला एक कुत्रा या रोगाने दगावल्याची नोंद आहे. म्हणून मेलेली किंवा आजारी कोंबडी कुत्र्याला कधीही घालू नये.

शिजवलेली हाडे टोकदार फुटून आतडे फाडू शकतात. कच्च्या हाडांनीही दात तुटण्याचा व घशात अडकण्याचा धोका राहतो. घरातला उरलेला मटणाचा रस्साही टाळावा. त्यातील कांदा व लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात.

खाण्यास नकार देण्याची कारणे : आहार बदलण्याआधी नकाराचे कारण शोधावे. गोचीड ताप हे येथले महत्त्वाचे कारण आहे. गोचिडीतून पसरणाऱ्या अर्लिकिया जंतूमुळे भूक जाते, ताप येतो, हिरड्या पांढरट पडतात व नाकातून रक्त येऊ शकते. दातदुखी, जंत व मूत्रपिंडाचे विकार हीही कारणे असतात. कडक उन्हात निरोगी कुत्राही कमी खातो. कुत्री माजावर असताना तिची व आसपासच्या नरांची भूक कमी होते. कारवान व पश्मीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे स्वाभाविक आहे. पण कुत्रा अशक्त आहे असे समजून त्याला गरजेपेक्षा जास्त वाढले जाते आणि उरलेल्या ताटावरून कुत्रा नखरेल ठरतो. दिवसभर बिस्किटे मिळत असतील तर जेवणाच्या वेळी भूक उरतच नाही. नकार दिला की काहीतरी चविष्ट पुढे येते, हेही कुत्रा लवकर शिकतो.

प्रौढ कुत्र्याने २४ तास काहीच खाल्ले नाही, किंवा पिलाने १२ तास, तर पशुवैद्याकडे न्यावे. ओकाऱ्या, ताप वा रक्ताचे जुलाब असतील तर तेवढीही वाट पाहू नये.

सुरक्षित पर्याय : कच्च्या मांसाची ओढ मुख्यतः वासाची व चरबीची असते. ती शिजवलेल्या मांसातूनही मिळते. बिनहाडाचे चिकन किंवा खिमा कमी पाण्यात, मीठ-मसाला न घालता शिजवावा. त्याच पाण्यात भाकरी कुस्करावी, म्हणजे मांस वेचून भाकरी टाकून देणे कुत्र्याला जमत नाही. अन्न कोमट द्यावे. कोमट अन्नाचा वास अधिक दरवळतो. दिवसातून दोन ठरावीक वेळा, उन्हाळ्यात पहाटे व दिवस मावळल्यावर, ताट ठेवावे आणि १५-२० मिनिटांत खाल्ले नाही तर उचलावे. पाणी मात्र सतत समोर असावे. अधल्यामधल्या खाऊचा वाटा रोजच्या अन्नाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. नवे अन्न जुन्यात थोडे थोडे मिसळत ७ ते १० दिवसांत पूर्ण बदल करावा. फक्त घरचेच अन्न कायम द्यायचे असेल तर त्यातील क्षार व जीवनसत्त्वांचा हिशेब पशुवैद्याकडून करून घ्यावा. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय उदगीर येथेच असल्याने दोन्ही जिल्ह्यांतील पालकांना असा सल्ला जवळ मिळू शकतो.