ध्वनिमुद्रण, घरगुती संगणकीय
वाद्यवृंद, भजनी मंडळ इत्यादींच्या तालमींचे व नमुनादाखल सादर करावयाच्या रचनांचे वैयक्तिक संगणकाच्या साहाय्याने घरीच केलेले ध्वनिमुद्रण. व्यावसायिक ध्वनिमुद्रणगृहाच्या खर्चाविना आपलेच गायन-वादन ऐकून त्यात सुधारणा करता यावी, हा याचा मुख्य हेतू होय.

ध्वनी नोंदविण्याची साधने प्रारंभी मुख्यतः कंपन्या व संस्था यांच्या हाती होती. टॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास भारतीय गायनाच्या तबकड्या मुद्रित केल्या. पुण्यात १९५५-५६ साली आकाशवाणीवरून गीतरामायण प्रसारित झाले, तेव्हाही ध्वनिमुद्रणाची साधने सामान्य कलावंताच्या आवाक्याबाहेरच होती. ही स्थिती चुंबकीय फितीने पालटली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट प्रचारात आणली व १९८० नंतर भारतात ती घरोघरी पोहोचली. तथापि साध्या कॅसेट ध्वनिमुद्रकावर सर्व आवाज एकत्रच नोंदले जात. एकाची चूक झाल्यास सर्वांना पुन्हा गावे लागे. निरनिराळे आवाज कॅसेटच्या स्वतंत्र पट्ट्यांवर नोंदविण्याची सोय घरगुती वापरासाठी १९७९ मध्ये टीॲक कंपनीच्या चार पट्ट्यांच्या यंत्राने झाली. पुढे मिडी (१९८३) या संकेतपद्धतीने वाद्य व संगणक परस्परांस जोडले गेले. ऑडॅसिटी (२०००) सारख्या विनामूल्य आज्ञावलींमुळे खर्च आणखी घटला.

पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यात या साधनाचे महत्त्व विशेष आहे. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५० नंतरच्या दशकात उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (१९६२) वसाहतींनी कारखानदारी विस्तारली आणि १९९० नंतर चाकणला मोटार उद्योग वाढला. देहू व आळंदी ही वारकरी क्षेत्रे याच परिसरात असल्याने येथे भजनाची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाने (१९५३) कामगारांच्या भजन व नाट्यस्पर्धांतून कलेस प्रोत्साहन दिले. परंतु पाळ्यांच्या कामामुळे सर्व सहकारी एकाच वेळी जमणे दुष्कर असते. पखवाजवादकाने पहिल्या पाळीनंतर आपली साथ नोंदवावी व गायकाने रात्री तीवर आपला आवाज चढवावा, ही सोय बहुपट्टी मुद्रणाने होते.

यासाठी संगणक, एक-दोन मायक्रोफोन, ध्वनीचे अंकांत रूपांतर करणारा ऑडिओ इंटरफेस व बंद प्रकारचे हेडफोन एवढी सामग्री पुरते. ध्वनीचे सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन प्रत्येक नमुना १६ बिटांत साठविल्यास एका पट्टीच्या एका मिनिटास सु. ५ मेगाबाइट जागा लागते. संगणक नमुने गटागटाने हाताळतो. २५६ नमुन्यांच्या गटास सु. ६ मिलिसेकंद लागतात. गट मोठा ठेवल्यास गायकास आपला आवाज उशिरा ऐकू येऊन ताल चुकतो. फार लहान ठेवल्यास आवाजात खरखर येते. आवाजाची पातळी कमाल मर्यादेपेक्षा थोडी खाली राखावी लागते, कारण मर्यादा ओलांडल्याने विकृत झालेला अंकीय ध्वनी नंतर पूर्णपणे दुरुस्त होत नाही. रस्त्यावरील वाहनांचा गोंगाट रोखण्यास जाड रजया व कपड्यांची कपाटे काही अंशी उपयोगी पडतात. ती खोलीतील घुमारा अधिक कमी करतात.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. संगणकाचे तालदर्शक ठोके समान अंतराने पडतात, तर भजनाची लय संथ सुरू होऊन टप्प्याटप्प्याने चढते. ही चढण गायक, टाळकरी व पखवाजी यांनी परस्परांकडे पाहून साधलेली असते. वेगवेगळ्या वेळी नोंदलेल्या पट्ट्यांच्या जुळणीत ती हरवते. म्हणून सर्वांची एकत्रित तालीम एकदा तरी सलग मुद्रित करून तिचाच आधार पुढील पट्ट्यांस देणे श्रेयस्कर ठरते. मुद्रणाची प्रत दुसऱ्या साठवणसाधनावर ठेवणेही आवश्यक असते. संगणकाची तबकडी निकामी झाल्यास, कोणत्याही कंपनीच्या सूचीत नोंद नसलेल्या या गायनाचा एकमेव पुरावा नष्ट होतो.