दोष चाकात की जोडात?

मोटारीमागे ओढत न्यायच्या घराचा, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरचा ब्रेक ढिला पडला की अमेरिकेतही हात आधी चाकाकडे जातो. ड्रम उघडतात, शू बदलतात, आणि ब्रेक तसाच राहतो. या ब्रेकचा इतिहास पाहिला, तर शोधाची सुरुवात दोन गाड्यांमधल्या जोडापासून करायला हवी, हे पटते. कारण हा ब्रेक जन्मापासूनच पुढच्या गाडीकडून येणाऱ्या विजेवर अवलंबून आहे.

रेल्वेने हा धडा आधीच गिरवला होता. जॉर्ज वेस्टिंगहाऊसच्या 1869 च्या पहिल्या ब्रेकमध्ये इंजिनातून दाबलेली हवा डब्यांना मिळे. नळी फुटली की ब्रेकच जाई. 1872 मध्ये त्यांनी ही रचना उलटी केली. नळीतल्या दाबाने ब्रेक सुटलेला राहावा आणि दाब गेला की प्रत्येक डब्याच्या स्वतःच्या टाकीतल्या हवेने तो आपोआप लागावा, अशी ती योजना होती. विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावी वेगमापकासाठी नावाजलेल्या आर्थर वॉर्नर यांनी 1927 मध्ये विजेच्या ब्रेकचा कारखाना काढला, तेव्हा विजेचा ब्रेक मात्र वेस्टिंगहाऊसच्या पहिल्या वाटेने गेला. करंट आला की ड्रममधले चुंबक फिरत्या पृष्ठभागाला चिकटते, त्याच्याबरोबर ओढले जाते आणि तरफेने शू फाकवते. जोर चाकाच्या गतीचाच. वीज फक्त पकड घालून देते. म्हणून दोन गाड्यांमध्ये तेलाची नळी लागत नाही, तारेवर भागते. पण तार तुटली की ब्रेक गेला.

मग ही चूक होती का? तसे म्हणता येणार नाही. ट्रेलर महिनोन्महिने अंगणात उभा असतो, आज एका गाडीला तर उद्या दुसरीला जोडला जातो. वीज नसताना लागणारा ब्रेक बसवला असता, तर बॅटरी उतरलेला ट्रेलर जागचा हलला नसता. उणीव भरून काढायला ट्रेलरवर वेगळी बॅटरी आणि दोरीने ओढली जाणारी पिन आली: ट्रेलर सुटला की पिन निघते आणि ब्रेक लागतो. व्यापारी ट्रेलरांचा हा ब्रेक किमान 15 मिनिटे लागलेला राहावा, असा अमेरिकेचा संघीय नियम आहे. ही सोय पूर्ण सुटलेल्या ट्रेलरची झाली. अर्धवट जोडलेल्याचे, गंजलेल्या प्लगचे काय?

हिशोब करून पाहू. 3.2 ओहमची चार चुंबके समांतर जोडली की एकूण रोध 0.8 ओहम; 12 व्होल्टला 15 अँपिअर करंट वाहतो. प्लगच्या गंजाने किंवा अर्थिंगच्या सैल स्क्रूने फक्त 0.4 ओहमची भर घातली, की करंट 10 अँपिअरवर येतो. म्हणजे करंट एक तृतीयांशाने घटला. त्याच जोडाला 0.2 अँपिअरचा दिवा लावून पाहिला, तर जेमतेम 0.08 व्होल्ट घटतात आणि दिवा लख्ख पेटतो. दिवा पेटला म्हणून तार चांगली, हा निष्कर्ष इथेच फसतो.

चाकातही दोष असतात, हा आक्षेप खरा आहे. चुंबक झिजते, सील फाटून ग्रीस शूवर येते. पण असा दोष बहुधा एखाद्या चाकात सुरू होतो. ते एकच चाक कमी धरते. चारही चाके एकदम मवाळ झाली, तर कारण चौघांच्या सामाईक वाटेवर असण्याचा संभव मोठा. पुढच्या गाडीतून ब्रेकला वीज सोडणारे नवे कंट्रोलर इशारा देतात, असेही म्हणता येईल. तुटलेली तार ते सहज ओळखतात. पण थोडासा वाढलेला रोध त्यांच्या नजरेतून निसटू शकतो. म्हणून ब्रेक पूर्ण दाबून तारेतला करंट मोजावा, चुंबकापाशी व्होल्टेज पाहावे, मगच ड्रमला हात घालावा. जे जोडाने पोहोचवलेच नाही, त्याची भरपाई नवे शू करू शकत नाहीत.