वाट पाहण्याचे चार रविवार



मार्गशीर्ष लागला की आपल्याकडे गुरुवारची गडबड सुरू होते. घट मांडायचा, कहाणी वाचायची, शेवटच्या गुरुवारी बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचे. साधारण याच दिवसांत चर्चला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींचे चार रविवार येतात. मराठी ख्रिस्ती मंडळी त्या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. इंग्रजीत त्याला अॅडव्हेंट असे नाव आहे. आमच्या रेडिओ गटात एकीने विचारले, "नाताळ एका दिवसाचा, मग त्याच्या आधी महिनाभर काय चालते?" उत्तर शोधता शोधता आम्ही इंग्लंडच्या खेड्यांपर्यंत पोचलो. तिथे जे सापडले ते आज तुम्हाला सांगतो.

अॅडव्हेंट हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा अर्थ 'येणे'. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार उलटे मोजत गेले की पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत सापडतो. चर्चचे नवे वर्ष त्याच दिवशी सुरू होते. हा काळ मुळात उपासाचा. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या तूर गावचे बिशप पर्पेट्युअस यांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास सांगितला होता. मेजवानी नंतर, आधी मन झाडून घ्यायचे. येशूच्या जन्माची आठवण तर असतेच, पण तो शेवटी न्याय करायला परत येईल ही श्रद्धाही असते. म्हणून जुन्या काळचे पाद्री या चार रविवारी मरण, न्याय, स्वर्ग आणि नरक या चार विषयांवर बोलत.

इंग्लंडच्या राजाने १५३४ मध्ये आपले चर्च रोमच्या पोपपासून वेगळे केले. त्यालाच पुढे अँग्लिकन चर्च म्हणू लागले. १५४९ मध्ये त्यांचे प्रार्थनेचे पुस्तक लॅटिनऐवजी लोकांच्या बोलीत, इंग्रजीत आले. त्यात आगमनकाळासाठी एक नवी छोटी प्रार्थना लिहिली गेली, अंधार सोडून उजेडाकडे वळायची ताकद मागणारी. शेतकरी असो की जमीनदार, सगळ्यांना कळेल अशा भाषेत ती होती. जुन्या वळणाच्या अँग्लिकन चर्चमध्ये ती आजही म्हणतात. वेदीवर जांभळे कापड चढते, फुले कमी होतात, आनंदाची काही स्तुतिगीते नाताळपर्यंत बाजूला ठेवतात.

या तयारीत स्वयंपाकघरही आहे. आगमनकाळाच्या आधीच्या रविवारची प्रार्थना ज्या शब्दाने सुरू होते त्याचा अर्थ 'ढवळ' असाही होतो. खरे तर तिथे देवाने आमची मने हलवावीत असे मागणे आहे. पण बायकांनी तो शब्द ऐकला आणि त्यांना घरचे पातेले आठवले! नाताळचे पुडिंग महिनाभर मुरावे लागते. बेदाणे, मनुका, अंडी, चरबी, मसाले एकत्र करायचे, घरातल्या प्रत्येकाने एकदा ढवळायचे, कापडात बांधून तासन् तास उकडायचे आणि ठेवून द्यायचे. त्या रविवारला लोकांनी 'ढवळायचा रविवार' असेच नाव पाडले.

आज या चार रविवारी हिरव्या पानांच्या कड्यात दर आठवड्याला एक मेणबत्ती जास्त पेटवतात. ही चाल इंग्लंडची नाही. १८३९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात विखेर्न नावाचे पाद्री गरीब मुलांचा आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुले रोज विचारत. त्यांनी गाडीचे जुने चाक घेतले, त्यावर मेणबत्त्या लावल्या. रोज एक लहान, रविवारी एक मोठी. मुलांना दिवस मोजता येऊ लागले. अँग्लिकन चर्चमध्ये ही चाल विसाव्या शतकात आली.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हे सगळे करायचे कोण?

इंग्लंडमध्ये प्रत्येक चर्चची हद्द ठरलेली असे. त्या हद्दीतले गाव-शिवार म्हणजे पॅरिश. एक पाद्री, आणि देवस्थानच्या पंचांसारखे दोन कारभारी, त्यांना चर्चवॉर्डन म्हणतात. पण वेदीची कापडे धुऊन इस्त्री करणे, पितळी दिवे घासणे, मुलांना रविवारच्या शाळेत बसवणे, आजाऱ्याच्या घरी रस्सा पोचवणे, नाताळच्या विक्रीसाठी विणकाम करून चर्चला पैसे जमवणे, हे बहुतेक बायकांच्या हातून होई. इंग्लंडच्या जुन्या चर्चमध्ये भिंतीवर पाटी असते, तीवर शेकडो वर्षांच्या पाद्र्यांची नावे ओळीने लिहिलेली असतात. कापडे धुणाऱ्या बाईचे नाव त्या पाटीवर नसते.

१८७६ मध्ये हॅम्पशायर भागातल्या ओल्ड अॅल्रेसफर्ड या खेड्यात पाद्र्यांच्या पत्नी मेरी समनर यांनी गावातल्या आयांना घरी बोलावले. नुकतेच नातवंड झाले होते. मूल वाढवताना बाई किती एकटी पडते हे त्यांना जाणवले होते. मजुराची बायको आणि मोठ्या घरची मालकीण, दोघींनी एका खोलीत बसावे असे त्यांच्या मनात होते. बायका आल्या, आणि मेरीबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी सगळ्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितले. पुढच्या आठवड्यात बायका पुन्हा आल्या, आणि मग त्या बोलल्या. आमच्यातली एक जण पहिल्यांदा माइकसमोर बसली तेव्हा अशीच गप्प झाली होती, म्हणून ही गोष्ट आम्हाला जवळची वाटली.

त्यातून 'मदर्स युनियन' उभी राहिली. १८८५ मध्ये पोर्ट्समथ शहरात मोठ्या धर्मसभेच्या वेळी मेरीबाई भरगच्च मेळाव्यात बोलल्या आणि संघटना गावोगाव पसरली. १९०० पर्यंत सभासद दीड लाखाच्या पुढे गेल्या. आज जगभर सुमारे ४० लाख सभासद आहेत. चूकही सांगायला हवी. १९७० च्या दशकापर्यंत घटस्फोट झालेल्या बाईला या संघटनेत जागा नव्हती. जिला आधाराची सगळ्यात जास्त गरज, तिलाच दार बंद होते.

आणि निर्णयाचे काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावोगाव चर्चच्या समित्या करायचे चालले होते. धर्मसभेत ठरले, सभासद पुरुषच असावेत. झाडलोट बायकांची आणि ठराव पुरुषांचा. बायकांनी पत्रे लिहिली, सभा घेतल्या. शेवटी १९१९ मध्ये नवा कायदा आला, आणि चर्चच्या समितीत मत द्यायचा व निवडून यायचा हक्क बाईला पुरुषाच्या बरोबरीने मिळाला. वेदीपाशी उभे राहायला मात्र आणखी ७५ वर्षे गेली. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल शहरात इंग्लंडच्या चर्चने पहिल्यांदा ३२ बायकांना धर्मगुरू केले.

या इतिहासाचा एक धागा आपल्या पंडिता रमाबाईंशी जोडलेला आहे. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या पाद्र्यांनी १८४८ मध्ये जोगिणींचा एक मठ सुरू केला होता. त्या मठातल्या भगिनी १८७७ पासून पुण्यात काम करू लागल्या. त्यांच्या ओळखीने रमाबाई १८८३ मध्ये वाँटेजला गेल्या आणि तिथेच त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे तिकडे तरुण पुरुषांना शिकवावे का, हा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ते मुकाट्याने मानले नाही. श्रद्धा ठेवली, पण आपली बुद्धी कुणाकडे गहाण टाकणार नाही, असे त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवले. इंग्लंडच्या बायका चर्चच्या समितीत जायच्या आधी ३५ वर्षे आपली मराठी बाई हे बोलत होती.

दुसरा धागा नागपूरचा. आपल्याकडची अँग्लिकन चर्चेस आणि आणखी पाच पंथ एकत्र आले आणि उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, ते नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. कॅलेंडर काढून बघितले तर तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. वेगवेगळ्या चुली मोडून एक घर करायचे, तर त्याला वाट पाहण्याच्या महिन्याची सुरुवात निवडली.

मैत्रिणींनो, आम्हाला यातून एक गोष्ट कळली. वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. त्या महिन्यात मुरवायचे असते, घासायचे असते, दिवस मोजायचे असतात, आणि हे काम बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. पण नुसत्या वाट पाहण्याने हक्क मिळत नाही. १९१९ साल आपोआप आले नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढे करा. आपल्या गावातले देऊळ, विहार, दर्गा, चर्च, जे असेल ते घ्या. उत्सवाच्या आधी तिथे झाडलोट आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका किती, ते मोजा. मग हिशोबाच्या वहीवर सही करणाऱ्या किती, तेही मोजा. दोन्ही आकडे एका कागदावर लिहा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या भागात ते वाचून दाखवू.

नमस्कार.