लोखंड जपणारे हात

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लाउथ परगण्यात, कूली नावाचा डोंगर आणि समुद्र यांच्या मधला एक भाग आहे. २००७ सालच्या ऑगस्ट महिन्यात तेथील शेतांत साडेचार हजारांहून अधिक जुने ट्रॅक्टर एकाच वेळी नांगरटीस उतरले आणि त्या घटनेची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. विक्रमाचे आम्हांस फारसे अप्रूप नाही. परंतु एक प्रश्न मनात घर करून राहिला. ज्या यंत्राची जागा व्यवहाराच्या हिशेबाने भंगारात, ते कामाजोगे ठेवण्यासाठी माणसे आपला वेळ, पैसा आणि जीव का ओतत असतील? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या यंत्राचा इतिहास उलगडावा लागतो, आणि त्या इतिहासात आपल्यालाही काही सापडते.

अशा मेळाव्यांत हमखास दिसणारा ट्रॅक्टर म्हणजे करड्या रंगाचा, बुटका फर्ग्युसन. त्याचा कर्ता हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडच्या डाउन परगण्यात ड्रोमोर गावाजवळ ४ नोव्हेंबर १८८४ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. शेतातल्या कष्टांत त्याचे मन रमले नाही. तो मोटारदुरुस्तीकडे वळला आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी स्वतः बांधलेले विमान त्याने आकाशात नेले. आयर्लंडमधील ते पहिले विमानोड्डाण होय. पुढे पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची चणचण भासू लागली, तेव्हा १९१७ साली आयर्लंडच्या शेतकी खात्याने देशातील ट्रॅक्टरांचे काम सुधारण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपविली. विल्यम सँड्स या आपल्या कुशल सहकाऱ्यासह तो गावोगाव फिरला, आणि ज्या शेतातून तो पळाला होता त्याच शेतात पुन्हा येऊन उभा राहिला.

तेथे त्याने जे पाहिले ते भयंकर होते. त्या काळचा ट्रॅक्टर म्हणजे घोड्याच्या जागी उभे केलेले इंजीन, मागे साखळीने ओढलेला नांगर. नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडाला अडला की घोडा थांबतो; यंत्राला ती समज नाही. चाके फिरतच राहत, ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि सारे धूड मागे उलटून चालकाच्या अंगावर कोसळे. कित्येक शेतकरी आपल्याच शेतात असे चिरडून मेले.

यावर फर्ग्युसनने शोधलेला उपाय साधा दिसतो, पण त्यासाठी अनेक वर्षे खर्ची पडली. त्याने नांगर ओढायचा नाही, तर ट्रॅक्टरचाच अवयव करायचा असे ठरविले. खाली दोन दांड्या आणि वर एक, अशा तीन ठिकाणी नांगर ट्रॅक्टरला जोडला. आपले शेतकरी आज ज्याला ‘थ्री पॉइंट’ म्हणतात तो हाच. जमीन कठीण लागली की नांगराचा जोर वरच्या दांडीवर येतो. ती दांडी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पंपाला इशारा देते आणि नांगर किंचित वर उचलला जातो. उचललेल्या नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते. म्हणूनच हलका ट्रॅक्टरही जड ट्रॅक्टराचे काम करू लागला. फाळ दगडाला अडलाच तर चाकांवरचा भार सुटून ती जागच्या जागी फिरतात. ट्रॅक्टर उलटत नाही. १९२५ साली त्याने या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला.

१९३८ सालच्या ऑक्टोबरात फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या भेटीस गेला. फोर्ड यांचे वडीलही दुष्काळाच्या दिवसांत, १८४७ साली, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातून देशोधडीला लागलेले. दोघांनी शेतात ट्रॅक्टर चालताना पाहिला, हातात हात दिला आणि सहकार्य ठरले. लेखी करार झालाच नाही. पुढच्याच वर्षी दोघांचा ट्रॅक्टर बाजारात आला. परंतु फोर्ड यांच्या नातवाने कारभार हाती घेतल्यावर ते सहकार्य मोडले आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९५२ साली ९२ लाख ५० हजार डॉलर फर्ग्युसनला मिळून तडजोड झाली. शब्द देणाऱ्याबरोबर शब्दही मातीआड जातो, हा अनुभव आपल्या वडिलोपार्जित वाड्यांच्या वाटण्यांत कोणाला आलेला नाही?

दरम्यान फर्ग्युसनने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहर गाठले होते. नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात या शहराचे कॅथेड्रल जळून गेले होते. शहराच्या कडेला बॅनर लेन येथे लढाऊ विमानांची इंजिने घडविणारा एक मोठा कारखाना होता. युद्ध संपले आणि १९४६ साली त्याच छपराखालून ‘टीई-ट्वेंटी’ नावाचे करडे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. तलवारींचे नांगर होतील हे यशया संदेष्ट्याचे स्वप्न अशा अक्षरशः अर्थाने क्वचितच खरे ठरले असेल. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पावावर रेशन लागू झाले होते. युद्ध चालू असतानाही जो पाव मोकळा मिळत होता तो शांतता आल्यावर मोजून मिळू लागला, यावरून नांगराची निकड किती होती ते ध्यानात येईल. १९५६ पर्यंत त्या कारखान्याने असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर घडविले. सर एडमंड हिलरी यांनी तर चाकांवर पट्टे चढविलेले तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर हाकीत ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुव गाठला. १९६० साली फर्ग्युसन वारला. त्याच वर्षी मद्रासमध्ये टॅफे ही कंपनी स्थापन झाली आणि त्याच्या घराण्यातले मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात बनू लागले. बॅनर लेनचा कारखाना मात्र २००२ साली बंद पडला.

कारखाना मिटला, तरी ट्रॅक्टर चालत आहेत. ते कसे, हे पाहण्याजोगे आहे. वर्षानुवर्षे गोठ्यात पडून राहिलेल्या इंजिनाचे पिस्टन गंजून जाम होतात. जाणकार माणूस तेथे बळजोरी करीत नाही. तो प्लग काढून आत पातळ तेल सोडतो, दिवसचे दिवस वाट पाहतो आणि मग हँडलने हळूच हलवून पाहतो. यातील काही ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू होऊन, तापल्यावर रॉकेलसारख्या एका स्वस्त तेलावर चालत. ते तेल मिळेनासे झाले, तेव्हा मालकांनी रॉकेल आणि पेट्रोल यांचे मिश्रण करून त्यांची भूक भागविली. या ट्रॅक्टराबरोबर मिळणाऱ्या पान्यावर इंचांच्या खुणाही कोरलेल्या असत, म्हणजे शेतकऱ्याला मोजपट्टी निराळी शोधायला नको. तो पाना आजही नातवाच्या हाती सोपविला जातो. हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्या बाजूसच ठेवायचा, विरुद्ध बाजूने पकडायचा नाही; कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. हे ज्ञान आजोबांच्या हातातून नातवाच्या हातात जाते. पुस्तक वाचून अंगठा शहाणा होत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. स्मरण गोड असते म्हणून ते खरे असतेच असे नाही. ज्या ट्रॅक्टरने भाकरी स्वस्त केली, त्यानेच घोड्यांची आणि शेतमजुरांची गरज संपविली. गावे ओस पडली. नांगराचा धोका टळला तरी उतारावर कलंडून माणसे मरतच राहिली. ब्रिटनमध्ये नव्या ट्रॅक्टरला चालकाचे रक्षण करणारी केबिन सक्तीची झाली ती १९७० साली. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ सालच्या ‘मातेर एत मॅजिस्त्रा’ या विश्वपत्रात जमीन सोडून शहराकडे निघालेल्या माणसांविषयी चिंता व्यक्त केली, ती याच काळात. जुना ट्रॅक्टर जपणाऱ्याने त्याचे गुण सांगावेत, तसेच त्याने कोणाचे काय हिरावले हेही सांगावे. ऋण आणि दोष दोन्ही मान्य केल्यावाचून कृतज्ञता पुरी होत नाही; पवित्र मिस्सेतही आपण प्रथम पापकबुली देतो आणि मगच उपकारस्तुतीकडे वळतो.

आता आपल्याकडे पाहू. वसईच्या लहान लहान वाड्यांत ट्रॅक्टरला फारसा वाव नव्हता. आपल्या केळींना पाणी पाजले ते बैलांच्या रहाटाने, मग तेलाच्या इंजिनाने. विजेचा पंप आला आणि रहाट विहिरीच्या काठी उभा राहून गंजला. पुढे किती रहाट भंगारवाल्याने किलोवर नेले याची मोजदाद कोणी ठेवली नाही. लोखंड गेले याचे आम्हांस दुःख नाही. पण त्याबरोबर रहाटाच्या एकेका भागाचे नाव गेले, पाण्याची पाळी ठरविण्याची शेजाऱ्यांची रीत गेली, आणि पहाटे रहाटाच्या कुरकुरीवरून कोणाची विहीर चालू आहे हे ओळखणारा कान गेला. आयरिश शेतकऱ्याने करडा ट्रॅक्टर राखला तो या साऱ्यासाठी. यंत्र चालू असते तोवर त्याच्याभोवतीची भाषा जिवंत असते.

आमच्या वाचकांना आमची विनंती छोटी आहे. शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण १५ मे रोजी येतो. त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ मुलांना बसवावे. माळ्यावर किंवा विहिरीपाशी एखादे अवजार उरले असेल तर ते खाली उतरवावे, पुसावे, त्याला तेल द्यावे, आणि ज्यांच्या हातांनी ते वापरले त्यांनाच त्याची नावे विचारावीत. अवजार पुन्हा चालेल किंवा चालणार नाही. पण सांगणारा हात अजून उबदार आहे तोवर ते विचारले गेले पाहिजे.