प्रिन्सेस युलियाना आंतरराष्ट्रीय विमानतळ

कॅरिबियन समुद्रातील सेंट मार्टिन बेटाच्या दक्षिण भागात, म्हणजे नेदरलँड्सच्या राज्यातील सिंट मार्टेन या देशात असलेला विमानतळ. संकेताक्षरे एसएक्सएम. जेमतेम ८७ चौ. किमी. क्षेत्रफळाचे हे बेट १६४८ च्या करारापासून फ्रेंच आणि डच अशा दोन सत्तांत वाटलेले आहे. फ्रेंच बाजूलाही एक छोटा विमानतळ आहे. पण मोठी जेट विमाने उतरतात ती इथेच.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी धावपट्टी म्हणून बांधलेल्या या तळावरून १९४३ मध्ये नागरी वाहतूक सुरू झाली. १९४४ मध्ये डच राजकन्या युलियाना येथे उतरली आणि तिचे नाव विमानतळाला मिळाले. ती १९४८ मध्ये राणी झाली. विमानतळाच्या नावात मात्र राजकन्याच राहिली.

विमानतळाची खरी ख्याती त्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या माहो किनाऱ्यामुळे. धावपट्टी सुमारे २,३०० मी. लांब असून तिच्या आणि वाळूच्या मध्ये फक्त एक अरुंद रस्ता व कुंपण आहे. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात आणि विमाने वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतात, त्यामुळे ती समुद्रावरून येऊन पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून अगदी खालून जातात. ती पाहायलाच लोक जमतात. शेजारच्या बारमध्ये सर्फिंगच्या फळीवर विमानांच्या वेळा लिहिलेल्या असत. उड्डाण करणाऱ्या विमानाची शेपटी किनाऱ्याकडे असते. इंजिने गरजली की वाळू सुयांसारखी टोचते, टोप्या उडून पाण्यात पडतात. कुंपणाला लटकून हा झोत अंगावर घेण्याची हौस मात्र निव्वळ वेडेपणाची. धोक्याच्या पाट्या असूनही ती थांबली नाही आणि जुलै २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या एका पर्यटक महिलेचा त्यात मृत्यू झाला. छायाचित्रांतून जगभर पोचलेले केएलएमचे जंबो जेट २०१६ पासून येथे येत नाही.

६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा चक्रीवादळाने टर्मिनलची दैना केली. १० ऑक्टोबरला प्रवासी वाहतूक पुन्हा सुरू झाली, ती तंबूंतून. इमारतीची पुनर्बांधणी पुढे अनेक वर्षे चालली.

आजूबाजूच्या छोट्या बेटांना जाणारे प्रवासी येथेच विमान बदलतात. त्यांपैकी सेबा बेटावरची धावपट्टी अवघी ४०० मी. लांब असून तिथे फक्त छोटी पंखेवाली विमाने उतरतात.